मायक्रोवेव्ह घ्यायचा, पण कोणासाठी?

रात्रीचे साडेबारा वाजलेले. दुसरी पाळी संपवून दादा घरी येतो. दाराची कडी वाजली की आई अंथरुणातून उठते, गॅस पेटवते, आमटी उकळते, तव्यावर भाकरी शेकते आणि त्याचे जेवण होईपर्यंत भिंतीला टेकून बसते. एक वाजता ती पुन्हा आडवी होते. पहाटे पाचला माझी पहिली पाळी, म्हणून साडेचारला पुन्हा उठते. बाबांचा चहा सहाला. अशी वर्षे गेली. तिला कोणी उठ म्हटले नाही, हे खरे. पण उठू नको असेही कोणी म्हटले नाही.

आपल्या अनेक घरांतून हेच चित्र दिसते. कोणी सफाई खात्यात पहाटेच्या कामाला, कोणी कारखान्यात, कोणी इस्पितळात रात्रपाळीला, कोणी रिक्षावर. माणसे पाच आणि जेवणाच्या वेळा पाच. स्वयंपाक एकदाच होतो, पण गरम करणे दिवसभर चालते, आणि ते बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येते. म्हणून आमच्या घरात मायक्रोवेव्ह घेण्याची चर्चा सुरू झाली. ती खरेदी करताना, वापरताना आणि चुकताना जे शिकलो ते भगिनींसमोर, आणि बंधूंसमोरही, मांडावे म्हणून हा लेख.

आईचे तीन प्रश्न

आम्ही तिघे दुकानात गेलो. विक्रेत्याने थेट 28 लिटरचे मोठे यंत्र दाखवायला घेतले. यात केक होतो, तंदुरी होते, पिझ्झा होतो, असे तो सांगू लागला. आईने शांतपणे विचारले, "भाकरी होते का यात?"

"नाही मावशी, भाकरी नाही."

"पाच-सहा माणसांचा डाळभात कुकरपेक्षा लवकर होतो?"

"तसा नाही."

"मग आमच्या रोजच्या कामाचं काय होतं?"

"गरम होतं ना! दोन मिनिटांत."

"मग गरम करण्यापुरतंच दाखव."

तिच्या या तीन प्रश्नांत मायक्रोवेव्ह खरेदीचे सारे शहाणपण आले. यंत्र काय काय करू शकते हे दुकानदार सांगेल. आपल्या घरात रोज काय होते, हे आपणच ठरवून जायचे असते.

हे यंत्र करते काय?

गॅसवर आधी भांडे तापते आणि मग भांड्यामुळे अन्न तापते. मायक्रोवेव्हमध्ये तसे नाही. आत मॅग्नेट्रॉन नावाचा एक भाग असतो. तो विजेपासून रेडिओ लहरींच्या जातीच्या लहरी तयार करतो. या लहरी सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा कंप पावतात. अन्नातले पाण्याचे कण त्यांच्यामागे भराभर वळू पाहतात, एकमेकांवर घासतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. भांडे तापते ते अन्नामुळे.

यातून तीन गोष्टी कळतात. पहिली, ज्यात पाणी जास्त ते लवकर तापते. आमटी, भात, भाजी, दूध यांना हे यंत्र सोयीचे. कोरड्या भाकरीला गैरसोयीचे. दुसरी, लहरी अन्नात फार तर दोन-तीन सेंटिमीटर खोल जातात. त्यापुढची उष्णता हळूहळू आत सरकते. म्हणून अन्न पसरून ठेवावे, मध्येच ढवळावे आणि बाहेर काढल्यावर एखादे मिनिट झाकून ठेवावे. तिसरी, लहरी जितक्या निघतात तितक्याच. त्या साऱ्या अन्नात वाटल्या जातात. एका बटाट्याला पाच मिनिटे लागली तर चार बटाट्यांना पाच मिनिटे पुरत नाहीत, पंधराच्या आसपास लागतात. म्हणून थोडे अन्न असेल तर मायक्रोवेव्ह, भरलेले पातेले असेल तर गॅस आणि कुकर, हा हिशेब कायम लक्षात ठेवावा.

या यंत्राच्या शोधाची हकीकत आपल्या मुलांना जरूर सांगावी. अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा तंत्रज्ञ होता. लहानपणीच वडील वारले, शाळा अर्धवट सुटली, बाराव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. पुढे स्वतःच पुस्तके वाचून वीज आणि रेडिओचे तंत्र शिकला. 1945 मध्ये रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली मिठाईची वडी वितळली. दुसरा कोणी खिसा पुसून पुढे गेला असता. त्याने वडी का वितळली हे शोधले. 1947 मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र माणसाएवढे उंच आणि सुमारे 340 किलो वजनाचे होते. घरच्या ओट्यावर मावेल असे यंत्र अमेरिकेत 1967 मध्ये विक्रीला आले.

कोणते घ्यावे?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला 'सोलो'. हा फक्त गरम करतो, उकडतो, वाफवतो आणि गोठलेले अन्न सैल करतो. दुसरा 'ग्रिल'. यात वर तापणारी कांडी असते, त्यामुळे अन्नाला वरून भाजल्यासारखा रंग येतो. तिसरा 'कन्व्हेक्शन'. यात गरम हवा फिरवणारा पंखा असतो, म्हणून केक-बिस्किटे होतात. किंमत याच क्रमाने वाढते. कन्व्हेक्शनची किंमत अनेकदा सोलोच्या दुपटीच्या घरात जाते. घरात कोणी केक करून विकणार असेल तर कन्व्हेक्शन घेणे समजण्यासारखे आहे. वर्षातून दोन वाढदिवसांसाठी मात्र ते घेऊ नये.

चार-सहा माणसांच्या घरात ताटे गरम करायला 20 लिटरचा सोलो पुरतो. आतल्या फिरत्या काचेच्या थाळीचा व्यास साधारण 25 सेंटिमीटर असतो. घरातून निघताना आपल्या नेहमीच्या बशीचे माप दोरीने घेऊन जावे. बशी आत फिरली पाहिजे. भिंतीला अडली तर अन्न एका बाजूने गार राहते.

गोल फिरवायची बटणे घ्यावीत की बोटाने दाबायची, हाही प्रश्न येतो. आमचा अनुभव असा की, घरात इंग्रजी न वाचणारे किंवा कमी दिसणारे वडीलधारे असतील तर फिरवायची बटणे बरी. एक बटण ताकदीचे, एक वेळेचे. वीज जाऊन आली तरी घड्याळ पुन्हा लावायची कटकट नाही. आम्ही दोन मिनिटांच्या खुणेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. बाबा चष्म्याशिवायही तेवढे बरोबर फिरवतात.

यंत्रावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहावे. 2012 च्या सरकारी आदेशाने मायक्रोवेव्हसाठी ही नोंदणी सक्तीची केली. पक्की पावती घ्यावी आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख मारून घ्यावी. मॅग्नेट्रॉनची वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळे विचारावे. तो महागाचा भाग असतो. दुरुस्तीचा माणूस आपल्या भागात येतो का, हेही आधीच विचारावे. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर दार नीट लागते का, जाळीला भोक पडले आहे का, आत गंज आहे का, हे पाहावे. यांपैकी एकही दोष दिसला तरी ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

हप्त्यांबद्दल एकच सांगते. "बिनव्याजी" म्हटले तरी नोंदणीचे पैसे किती, रोखीने घेतल्यास किती सूट मिळाली असती, हप्ता चुकल्यास दंड किती, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. त्यांची बेरीज केली की व्याज कोठे लपले आहे ते दिसते. आम्ही भिशीचा नंबर लागेपर्यंत चार महिने थांबलो. चार महिन्यांत काही बिघडले नाही.

आधी वायरमन, मग यंत्र

येथे आमची चूक झाली ती सांगते. यंत्र आल्या दिवशी हौसेने दादाने ते टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डाला लावले. त्याच बोर्डावर टीव्ही, पंखा आणि मोबाइलचा चार्जर होता. तिसऱ्या दिवशी जळका वास आला. बोर्डाचे तोंड काळे पडले होते आणि पिन हात लावू देत नव्हती. थोडक्यात निभावले.

त्याचे कारण सोपे आहे. खोक्यावर 800 वॅट लिहिलेले असते ती अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून हे यंत्र त्यासाठी सुमारे 1200 वॅट ओढते. कन्व्हेक्शनचे यंत्र 2000 वॅटच्या वर जाऊ शकते. टीव्हीचा बोर्ड या कामाचा नव्हे. मायक्रोवेव्हला जाड तीन पिनांचा, 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा आणि त्याला खरे अर्थिंग हवे. जुन्या चाळीत व वस्तीत तिसरे भोक नुसते शोभेला असते, मागे वायरच नसते. म्हणून यंत्र आणण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तिसरी पिन कधीही तोडू नये. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही पाहावा. भार एकच किलोवॅट असेल तर तो वाढवून घेण्याचा अर्ज आधी करावा. गीझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवू नयेत.

यंत्राला श्वास घ्यायला जागा लागते. मागे व बाजूला सुमारे 10 सेंटिमीटर आणि वर 20 सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. नेमके माप पुस्तिकेत असते. वर कपडा टाकून शोभेची वस्तू ठेवू नये. शेगडीला चिकटून ठेवू नये. फ्रिजच्या डोक्यावरही नको. उकळती वाटी डोक्याच्या उंचीवरून काढताना चेहऱ्यावर सांडते.

खर्च किती येतो? 1200 वॅटचे यंत्र दोन मिनिटे चालले तर 0.04 युनिट जळते. दिवसाला दहा वेळा असे गरम केले तर महिन्याला 12 युनिट होतात. आपल्या बिलातला दर घालून गुणाकार करावा. हा खर्च भिण्यासारखा नाही. पण त्याच यंत्रात रोज सगळ्यांचा भात शिजवायला घेतला तर वेळही जातो आणि वीजही.

कोणती भांडी चालतात?

आपल्या घरातली भांडी म्हणजे स्टील, पितळ आणि जर्मनची. यांपैकी एकही मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. धातूवरून लहरी परततात, ठिणग्या उडतात आणि यंत्र बिघडते. चमचा आत विसरणे, ही सर्वांत नेहमीची चूक. सोनेरी किंवा चंदेरी काठाची बशी आणि चांदीसारखा कागदही नको.

जाड, उष्णता सोसणारी काच आणि बिनकाठाची साधी चिनी मातीची भांडी चालतात. प्लास्टिकवर मायक्रोवेव्हसाठी योग्य असल्याची खूण असेल तरच ते घ्यावे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे, हॉटेलातून आलेले पातळ डबे आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नयेत. मेलामाइनच्या ताटल्याही नकोत. वर्तमानपत्रात गुंडाळून काही ठेवू नये, ते पेट घेऊ शकते.

भांड्याची शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. भांडे धातूचे नाही आणि त्यावर धातूची नक्षी नाही, एवढे आधी पाहावे. मग रिकामे भांडे आत ठेवून शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवावा आणि एक मिनिट चालवावे. पाणी तापले आणि भांडे गारच राहिले, तर भांडे चालेल. भांडे तापले तर ते बाजूला काढावे. भांड्यांचा महागडा संच घेण्याची गरज नाही. आमच्याकडे काचेचे दोन वाडगे, तीन बशा आणि एक झाकण आहे, त्यावर सारे चालते.

रोजचा वापर

800 वॅटच्या यंत्रावर आमच्या घरचे अंदाज असे: फ्रिजमधून काढलेले एक बशी डाळभात दीड ते दोन मिनिटे, वाटीभर आमटी दीड मिनिट, पेलाभर दूध एक ते सव्वा मिनिट, एक मध्यम बटाटा काट्याने टोचून चार-पाच मिनिटे, उडदाचा पापड 40 ते 60 सेकंद. भातावर चमचाभर पाणी शिंपडावे आणि झाकण थोडे उघडे ठेवावे. भाकरी-चपाती ओलसर कपड्यात गुंडाळून 15-20 सेकंद ठेवली तर मऊ होते, पण लगेच खावी; गार झाली की चामड्यासारखी होते. वेळ नेहमी कमी लावावा. कमी पडला तर वाढवता येतो.

काही गोष्टी कधीही करू नयेत. अंडे कवचासकट ठेवू नये, उकडलेले असले तरी, ते फुटते. घट्ट झाकणाचा डबा ठेवू नये. तळण आणि फोडणी यात करू नये. यंत्र रिकामे चालवू नये. नुसते पाणी फार वेळ तापवू नये. गुळगुळीत पेल्यात पाणी उकळीच्या पुढे तापूनही शांत दिसते आणि चमचा घालताच उसळते. पेल्यात लाकडी चमचा ठेवून तापवावे आणि अर्धा मिनिट थांबून बाहेर काढावे. तान्ह्या बाळाचे दूध यात तापवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतला एखादा घोट पोळणारा असतो. बाळाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यातच धरावी.

आठवड्यातून एकदा वाडगाभर पाण्यात लिंबाची फोड टाकून तीन-चार मिनिटे चालवावे. वाफेने डाग सुटतात, मग ओल्या फडक्याने पुसावे. साफ करताना पिन काढून ठेवावी.

फ्रिज आधी, मायक्रोवेव्ह नंतर

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या घरात फ्रिज नाही, त्यांनी आधी फ्रिजचा विचार करावा. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री आठला केलेला भात साडेबारापर्यंत ओट्यावर राहिला तर त्यात जंतू वाढतात. भातातल्या काही जंतूंचे विष नंतर कितीही गरम केले तरी जात नाही. मायक्रोवेव्ह गार अन्न गरम करतो, बिघडलेले अन्न चांगले करत नाही. म्हणून रात्रीचा वाटा काढून, पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा. गरम करताना मध्यभागीही वाफ आली पाहिजे. अन्न आतपर्यंत 70 अंश सेल्सिअस तापावे, असा नियम आहे. मटण, मासे, चिकन यांबाबत तर हे कटाक्षाने पाळावे. एकदा गरम केलेले पुन्हा गरम करू नये.

भीती किती खरी?

आमच्याकडे यंत्र येताच शेजारणी सांगू लागल्या, "त्याच्या अन्नाने कॅन्सर होतो." ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी कारण विचारावे. या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नाहीत. त्या अन्न फक्त तापवतात. अन्नात किरण साठून राहत नाहीत. दिवा विझवला की खोलीत उजेड उरत नाही, तसेच यंत्र बंद झाले की लहरी उरत नाहीत. लहर सुमारे 12 सेंटिमीटर लांब असते, म्हणून दारातल्या बारीक भोकांच्या जाळीतून ती पार होत नाही. दार उघडताच यंत्र आपोआप बंद होते. अन्नातले जीवनसत्त्वही भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा जास्त नष्ट होत नाही. खरी काळजी दाराची घ्यावी. दार वाकले, बिजागरी सैल झाली किंवा दार उघडे असताना यंत्र चालू राहिले, तर त्या क्षणी पिन काढावी आणि कंपनीच्या माणसाला बोलवावे. घरी खोलून पाहू नये. पिन काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठलेली असते.

यंत्र आले, पण उठणे?

आता शेवटचे आणि खरे. यंत्र आले, पॉइंट बसला, काचेचे वाडगे आले. आणि पहिले दोन महिने आई साडेबाराला उठतच होती! आता ती गॅसऐवजी मायक्रोवेव्हचे बटण फिरवायची, एवढाच फरक. दादाला विचारले तर म्हणाला, "मला नाही कळत त्यातलं." कारखान्यात तो लाखो रुपयांचे यंत्र चालवतो.

मी एका पुठ्ठ्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले: भात दोन मिनिटे, आमटी दीड मिनिट, स्टील नको, चमचा काढा, झाकण सैल ठेवा. तो यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवला. एका रविवारी दादाला आणि बाबांना समोर उभे करून त्यांच्याकडूनच तीनदा करून घेतले. त्या रात्री कडी वाजली तशी आई उठून बसली. दादा म्हणाला, "आई, झोप तू. मी घेतो." आत यंत्र गुणगुणले, टिंग झाले. आई म्हणाली, "ढवळून घे, मधे गार असेल." आणि कूस बदलून झोपली. आता बाबाही दुपारचे ताट स्वतः गरम करून घेतात आणि बशी धुऊन ठेवतात.

भगिनींनो, मायक्रोवेव्ह घेण्याआधी किंमत विचारा, वॅट विचारा, वॉरंटी विचारा. त्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला हेही विचारा, "हे कोण कोण चालवणार?" उत्तर 'आई' एवढेच आले, तर पैसे सध्या भिशीतच राहू द्या. उत्तर 'सगळे' असे आले, तर खुशाल घ्या. त्या घरात एका बाईला रोज रात्री पुरी झोप मिळेल.